चित्रांचा खेळ आणि अटींचा कागद

चौदा एप्रिल जवळ आली की आपल्या वस्तीतील फ्लेक्सच्या दुकानात रात्रीचे दोन-दोन वाजतात. संगणकासमोर बसलेला पोरगा बाबासाहेबांच्या फोटोमागची निळी छटा कमी-जास्त करीत असतो. मंडळाच्या अध्यक्षापासून खजिनदारापर्यंत बावीस जणांचे चेहरे एका रांगेत बसवतो. कोणाचा फोटो लहान झाला म्हणून कोणी रुसतो, तर ते पुन्हा मोठे करतो. सकाळी हिशेब होतो तो फक्त चौरस फुटाचा. डिझाइनचे वेगळे पैसे मागितले तर आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "त्यात काय, सगळं कॉम्प्युटर करतो!" या पोराला आपण डीटीपीवाला म्हणतो. जगात त्याला ग्राफिक डिझायनर म्हणतात.

असा एक तरुण आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. नागपुरातील इंदोऱ्याचा. न्यायालयाबाहेर प्रतिज्ञापत्रे टाइप करून देण्याचे त्याचे टेबल आहे आणि संध्याकाळनंतर तो फ्लेक्सच्या दुकानात बसतो. कला महाविद्यालयाचे तोंड त्याने पाहिलेले नाही. कोरल ड्रॉ आणि फोटोशॉप तो दुकानातच शिकला. २०२२ सालची गोष्ट. आम्ही एका अर्जाच्या प्रती घ्यायला गेलो, तेव्हा त्याच्या पडद्यावर अर्ज नव्हता. इंग्रजीतील 'जी' हे एकच अक्षर भलेमोठे दिसत होते. नीट पाहिले तर अक्षराची ती कमान म्हणजे नळासमोर लागलेली प्लास्टिकच्या घागरींची रांग होती आणि आतल्या बाजूला वळणारी आडवी रेघ म्हणजे नळाची तोटी. आम्ही विचारले, "हे कोणाचे काम?" तो म्हणाला, "कोणाचं नाही सर. आज 'जी'चा दिवस आहे."

मग त्याने जे सांगितले ते आमच्यासाठी नवे होते. वकिलीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या टायपिस्टकडून जग कळावे, यात आम्हाला कमीपणा वाटला नाही.

स्पेनमधील बार्सिलोना शहरात नीना सान्स आणि राफा गोयकोचिया या दोन डिझायनरांनी २०१४ साली एक उपक्रम सुरू केला. '३६ डेज ऑफ टाइप' हे त्याचे नाव. इंग्रजीची २६ अक्षरे आणि १० अंक मिळून ३६ दिवस. रोज एक अक्षर वा अंक आपल्या मनाप्रमाणे चितारायचा आणि सर्वांसमोर इंटरनेटवर मांडायचा. प्रवेश फी नाही, वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. अक्षर तेच असते, पण कोणी ते लोकरीने विणतो, कोणी काचेचे बनवतो, कोणी हलते-चालते करतो. रोज काहीतरी पूर्ण करून दाखवायचे, एवढाच नियम. आमच्या या तरुणाच्या 'जी'वर ब्राझीलमधील कोणा बाईने लिहिले होते की, आमच्याही वस्तीत अशीच रांग लागते. त्या एका वाक्याने त्याला जे मिळाले, ते आमच्या शहरातील एकाही मंडळाने त्याला कधी दिले नव्हते.

अशा खेळांचा इतिहास जुना आहे. इंटरनेटच्या मानाने तर फारच जुना. अमेरिकेतील शिकागो शहरात जिम कूडाल यांच्या कूडाल पार्टनर्स या कंपनीने २००१ साली 'फोटोशॉप टेनिस' नावाचा सामना सुरू केला. २००७ पासून तो 'लेयर टेनिस' या नावाने, ॲडोबी कंपनीच्या पाठबळावर चालला. आम्हाला या खेळाची रीत फार आवडली. दोन डिझायनर दोन वेगळ्या गावांत बसलेले. पहिला एक चित्र तयार करून पाठवतो. दुसऱ्याने तीच फाइल उघडायची, पंधरा मिनिटांत त्यात भर घालायची किंवा तिचा अर्थच उलटा करून परत धाडायची. असे दहा टोले. प्रत्येक टोला जगभरातील प्रेक्षकांना त्याच वेळी दिसतो आणि तिसरा एक लेखक त्यावर क्रिकेटसारखे धावते समालोचन लिहितो. जिंकणाऱ्याला मानापलीकडे फारसे काही मिळत नसे. पण प्रतिस्पर्ध्याचे काम पुसून टाकायचे नाही, त्यावरच आपले काम उभे करायचे, ही या खेळाची गंमत होती. जुगलबंदीच ती. आपल्याकडे कव्वालीच्या मुकाबल्यात समोरच्या पार्टीचा शेवटचा शब्द उचलून जबाब देतात, त्याच्या जवळची.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आम्हाला आजवर पुष्कळ ऐकवले आहे. गुणवत्ता म्हणजे कोणते महाविद्यालय, कोणाची शिफारस, कोणते आडनाव, असाच तिचा व्यवहार राहिला. या खेळात निदान पहिल्या नजरेला काम दिसते आणि आडनाव नंतर दिसते. पण फार हुरळून जाण्याचेही कारण नाही. ज्याचे अनुयायी हजारोंनी आहेत त्याच्या चित्राला हजारो पसंत्या पडतात आणि ज्याला तेरा माणसे ओळखतात त्याचे चित्र तेराजण पाहतात. ज्याच्याकडे भारी संगणक आहे तो त्रिमितीत अक्षर फिरवतो. दुकानाच्या मालकाचा संगणक रात्री अकरानंतर मिळणाऱ्याला ते जमत नाही. मैदान खुले आहे एवढेच खरे. ते सपाट आहे असे कोणी सांगू नये.

आणि अक्षरे इंग्रजीच का? हा प्रश्न आम्ही त्याला विचारला. तो म्हणाला, "सर, देवनागरीत छत्तीस दिवसांत कुठं भागतं?" खरे आहे. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे. वर्ष पुरणार नाही. त्यातच फ्लेक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे चाललेले मराठी फॉन्ट असे की, एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की त्याचा चिवडा होतो. रा. कृ. जोशी यांच्यासारख्या माणसाने संगणकावरील देवनागरीसाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्ता' आणि 'बलू' यांसारखे युनिकोड फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतील असे करून ठेवले. आपल्या किती दुकानदारांना हे माहीत आहे? जयंतीच्या फलकावर 'क्रांतिसूर्य' हा शब्द नीट जुळावा, यासाठी कोणीतरी काही वर्षे खपलेला असतो, हे आपल्याला ठाऊकच नसते. असो.

आता खेळाचा बाजार कसा होतो ते पाहू. हा लेख लिहायला आम्ही बसलो त्याचे कारण तेच आहे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे साइटपॉइंट नावाची, वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी पुस्तके व लेख काढणारी कंपनी होती. तिच्याभोवती जमलेले डिझायनर फावल्या वेळात गंमत म्हणून आपापसात स्पर्धा लावत. एक काल्पनिक गिऱ्हाईक कल्पायचे, त्याच्यासाठी बोधचिन्ह काढायचे आणि कोणाचे सरस ते ठरवायचे. मग एका खऱ्या गिऱ्हाइकाला बुद्धी सुचली. नाहीतरी तुम्ही खेळताच आहात, तर माझ्यासाठी खेळा. जो आवडेल त्याला मी पैसे देतो. त्याचे पाहून दुसरा आला, मग दहावा आला. कंपनीने स्पर्धा लावणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली आणि २००८ साली त्यातून '९९डिझाइन्स' ही स्वतंत्र कंपनी निघाली. २०२० साली ती व्हिस्टाप्रिंटने विकत घेतली. एका खेळाचा हा प्रवास आहे. त्यात कोणी कोणाला फसवले असे आमचे म्हणणे नाही. सर्व अटी लिहिलेल्या होत्या आणि ज्यांना बक्षीस मिळाले त्यांना पैसेही मिळाले. अनेक गरीब देशांतील तरुणांना याच वाटेने परदेशी गिऱ्हाईक लाभले, हेही आम्ही नाकारत नाही.

पण हिशेब करून पाहा. समजा एका बोधचिन्हासाठी शंभर जणांनी प्रत्येकी सहा तास घातले. सहाशे तासांचे काम झाले आणि मोबदला सहा तासांचा. उरलेल्या पाचशे चौऱ्याण्णव तासांचे काय? ते कोणी दिले? खेळ होता तेव्हा ते खेळणाऱ्याच्या आनंदाचे होते. गिऱ्हाईक आले त्या दिवशी तेच तास गिऱ्हाइकाच्या सोयीचे झाले, कारण शंभर नमुन्यांतून निवडण्याची चैन त्याला मिळाली. अमेरिकेतील एआयजीए ही १९१४ पासूनची डिझायनरांची संस्था मोबदल्याची हमी नसलेल्या अशा कामातील धोक्यांबद्दल आपल्या सभासदांना सावध करीत आली, ती यामुळेच.

मधली वाटही आहे, तीही सांगितली पाहिजे. शिकागोतच २००० साली जेक निकेल आणि जेकब डीहार्ट या दोन तरुणांनी 'थ्रेडलेस' काढली. टी-शर्टवरील चित्रांची स्पर्धा, लोकांनी मत द्यायचे आणि निवडलेली चित्रे छापून विकायची. सुरुवातीला विजेत्याला नुसते टी-शर्ट मिळत. पुढे विक्री वाढली तशी रोख रक्कम आली. येथे निदान चित्र विकले गेले तर चित्रकाराला काहीतरी पोहोचत होते, आणि जे निवडले गेले नाही ते दुसऱ्या कोणाच्या दुकानावर लागत नव्हते.

'फुकट काम' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. ज्या समाजाला वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री हाक आली की काठी घेऊन धावावे लागे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. राबणाऱ्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर राहू नये, हाच तेव्हाचा वाद होता. पुढे संविधानाच्या कलम २३ ने बिगार आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हेही सक्तीचे श्रमच, असे म्हटले. तेव्हा स्पर्धा म्हणजे वेठबिगार आहे काय? वकील म्हणून आम्हाला प्रामाणिकपणे सांगावे लागेल की, नाही. स्वखुशीने भाग घेणाऱ्यावर सक्ती नसते. कोणी हे कलम घेऊन न्यायालयात गेला तर तो पहिल्या तारखेला परत येईल. आम्ही साम्य दाखवतो ते एवढ्यापुरतेच की, मोबदला द्यायचा की नाही हे दोन्हीकडे घेणाऱ्याच्या मर्जीवर असते. अशा वेळी देणाऱ्याच्या हातात उरतो तो फक्त अटींचा कागद. आणि तो आपली मुले वाचत नाहीत.

इंदोऱ्याच्या या तरुणानेही वाचला नव्हता. ३६ दिवसांच्या खेळाने हात मोकळा झाला, धीर आला आणि पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्या शहरातील एका खासगी शिकवणी वर्गाने लावलेल्या बोधचिन्ह स्पर्धेत भाग घेतला. बक्षीस अकरा हजार. तीन आठवडे रात्री जागून त्याने उघड्या पुस्तकाचे एक चिन्ह केले, ज्याची दोन पाने मिळून दार उघडल्यासारखे दिसत होते. निकाल लागला, त्याचा नंबर आला नाही. त्याचे त्याला फारसे वाईट वाटले नाही; खेळणाऱ्याला हरणे ठाऊक असते. सहा महिन्यांनी त्याच्या मावसभावाने त्या शहरातून एक फोटो पाठवला. नव्या शाखेच्या पाटीवर तेच पुस्तक, तेच दार. निळ्याऐवजी भगवा रंग आणि खाली एक रेघ जास्त. तो आमच्याकडे आला तेव्हा भांडायला आला नव्हता. "सर, माझंच आहे ना हे? की मला वाटतंय?" एवढेच त्याने विचारले. आपल्या माणसाला स्वतःच्या वस्तूबद्दलही आधी स्वतःवरच संशय येतो.

आम्ही स्पर्धेची अटीपत्रिका मागवली. सातव्या क्रमांकावर एक ओळ होती: आलेल्या सर्व प्रवेशिका आयोजकांच्या मालकीच्या होतील. सर्व म्हणजे विजेत्याचीच नव्हे, हरलेल्यांचीही! अकरा हजारांत एक चिन्ह घ्यायचे आणि बाकीचे सारे तसेच ठेवून घ्यायचे.

आता कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम २ मध्ये 'कलाकृती'ची व्याख्या करताना रेखाचित्रात कलागुण असो वा नसो, संरक्षण सारखेच, असे सांगितले आहे. म्हणजे 'फ्लेक्सवाल्याचे कसले आर्ट' हे म्हणणे कायद्याला मान्य नाही. कलम १७ प्रमाणे पहिला मालक निर्माता असतो; नोकरीत असताना केलेल्या कामासारखे काही अपवाद आहेत, पण स्पर्धेत भाग घेणारा कोणाचा नोकर नसतो. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी हवा, त्यावर देणाऱ्याची सही हवी, आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात आले पाहिजे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे कायदाच धरतो. संगणकावर 'मान्य आहे' असे बटण दाबणे म्हणजे ही सही झाली काय, यावर समोरचा वकील वाद घालील आणि त्याला तो घालू द्यावा. पण मोघम एका ओळीत सर्वांची मालकी कायमची गेली, असे समजून घरी बसण्याचे कारण नाही.

याहून महत्त्वाचे कलम ५७ आहे. मालकी दिल्यानंतरही, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा आणि तिची मोडतोड होऊन नावाला बाधा येत असेल तर हरकत घेण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकले, तेव्हा ते याच कलमावर लढले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. समोर भारत सरकार होते. येथे तर एक शिकवणी वर्ग आहे.

स्पर्धा मुळातच वाईट, असे कोणी यातून समजू नये. सरकारने लावलेल्या खुल्या स्पर्धेतूनच २०१० साली डी. उदय कुमार यांचे रुपयाचे चिन्ह आले. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा तो मिलाफ आज प्रत्येक नोटेवर आहे, आणि करणाऱ्याचे नाव जगजाहीर आहे. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे चष्म्याचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी अशाच खुल्या स्पर्धेत केले. बक्षीस पन्नास हजार. एवढ्या प्रचंड वापराच्या मानाने ही रक्कम तोकडी आहे असे आमचे मत आहे, पण घेतले ते एक चिन्ह, आणि ते करणाऱ्याच्या नावासह घेतले.

खेळ चालवणारे कलावंतही कधी मालक होऊन बसतात. अमेरिकेतील जेक पार्कर यांनी २००९ साली ऑक्टोबर महिनाभर रोज शाईने एक चित्र काढायचा 'इंकटोबर' सुरू केला आणि तो जगभर पसरला. पुढे त्यांनी त्या नावाचा ट्रेडमार्क घेतला. २०१९ च्या डिसेंबरात आपली त्या महिन्यातील चित्रे पुस्तकरूपाने विकणाऱ्या चित्रकारांचा माल विक्रीतून काढला गेला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. बोधचिन्ह वापरू नका, नाव घ्यायला हरकत नाही, असा खुलासा पार्कर यांना करावा लागला. महिनाभर सर्वांनी मिळून ओढलेल्या रथावर शेवटी एकाच्या नावाचा झेंडा असतो, हे त्यांना तेव्हा कळले.

आता तर चित्र माणसाने काढले की यंत्राने, हाच प्रश्न उभा आहे. २०२४ च्या जून महिन्यात ॲडोबीच्या वापराच्या अटींवरून डिझायनर खवळले. आमच्या फाइली घेऊन तुम्ही तुमचे यंत्र शिकवणार काय, असा त्यांचा सवाल होता. कंपनीला तसे करणार नाही हे लिहून अटी दुरुस्त कराव्या लागल्या. अटी वाचणारे लोक असले की कंपनीही शब्द बदलते. तेव्हा स्पर्धेत उतरताना हरलेल्या प्रवेशिकेचे काय होणार, नाव छापणार की नाही आणि चित्र यंत्राच्या शिक्षणाला दिले जाणार काय, या तीन जागा बोटाने शोधून वाचाव्यात आणि अटीपत्रिकेची एक प्रत जपून ठेवावी. आणि स्वतःची मूळ फाइल तारखेसह सांभाळावी. न्यायालयात आठवणीपेक्षा तारीख उपयोगी पडते.

या तरुणाकडे ती होती. चिन्हाचे अकरा टप्पे, प्रत्येक फाइलवर रात्रीची वेळ. आम्ही नोटीस पाठवली. निर्माता जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल करण्याची सोय याच कायद्याच्या कलम ६२ मध्ये आहे, हेही त्यात लिहिले. म्हणजे त्यांनाच नागपूरला यावे लागेल. महिनाभराने उत्तर आले. चिन्ह आमच्याच माणसाने केले आहे, तरीही सदिच्छा म्हणून पाच हजार रुपये देतो, मात्र यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही असे लिहून द्यावे, असा मजकूर होता.

पाच हजार ही त्याच्यासाठी लहान रक्कम नाही. घरी आईचे औषध आहे, धाकट्या बहिणीची फी आहे. आम्ही त्याला सांगितले की घ्यायचे असतील तर घे, आम्हाला वाईट वाटणार नाही. दावा चालला तर दोन-तीन वर्षे जातील. तो बराच वेळ कागद पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, पैशाचं नंतर बघू. पाटीवर खाली बारीक अक्षरात नाव येऊ शकतं का?"

येऊ शकते, असे आम्ही सांगितले. उत्तराचे उत्तर आम्ही तेथेच, त्याच्या टेबलाशी उभे राहून तोंडी सांगितले आणि त्याने टाइप केले. कलम ५७ चा परिच्छेद त्याने स्वतःहून थोडा खाली घेतला, समास सारखे केले, आमच्या सहीसाठी जागा सोडली आणि तीन प्रती काढल्या. टायपिंगचे एकशे वीस रुपये झाले. ते त्याने आमच्याकडून मोजून घेतले.